डीटीएचचा रिचार्ज थांबवताना: इंदूरच्या घरासाठी फ्री डिश आणि स्ट्रीमिंगची जोडणी

रिचार्ज बंद करायचं मनात आलं की आधी आठवडाभर टीव्हीशेजारी एक वही ठेवा. घरात कोण, किती वाजता, कोणतं चॅनेल लावतं एवढंच त्यात लिहायचं. सकाळचं भजन, बातम्या, दुपारी मालिकेचा कालचा भाग, संध्याकाळी सात ते दहा मराठी मालिका, असेल तेव्हा मॅच, आणि उरलेला वेळ मुलांचं यूट्यूब. पॅकमध्ये दोनशेच्या वर चॅनेल असतात, वहीत आठ-दहा उतरतात. इंदूरमध्ये आणखी एक गोष्ट लक्षात येईल. मध्य प्रदेशात मिळणारे तयार पॅक हिंदी घरांसाठी बांधलेले असतात, मराठी वाहिन्या त्यावर वेगळ्या चढवाव्या लागतात. म्हणजे जे बघत नाही त्याचे पैसे आधी आणि जे बघतो त्याचे वरून.

वही भरली की यादीचे दोन भाग पाडा. एका भागात बटण दाबलं की लागलंच पाहिजे असं सगळं, म्हणजे आजींची सकाळ, बातम्या, वीज येताच चालू होणारा टीव्ही. दुसऱ्या भागात थोडं पुढे-मागे झालं तरी चालणारं, म्हणजे मालिका, सिनेमे, मुलांचे कार्यक्रम. पहिल्या भागासाठी गच्चीवरची छत्री, म्हणजे दूरदर्शनची फुकट सेवा डीडी फ्री डिश, दुसऱ्यासाठी इंटरनेट. फक्त स्ट्रीमिंगवर अख्खं घर टाकलं की ज्या दिवशी फायबर तुटते त्या दिवशी घरातली वयस्कर माणसं कोऱ्या पडद्यासमोर बसतात, आणि मग महिन्याभरात डीटीएच परत येतं. म्हणून या लेखात छत्रीवर जास्त भर आहे. अ‍ॅप तर कोणीही उतरवून देतं, छत्री नीट लावून देणारा मिळत नाही.

एका घरासाठी मात्र हा सगळा खटाटोप करू नका. घरात नवरा-बायको दोघंच, दोघंही सत्तरीचे, इंटरनेट नाही, आणि पाहायच्या मालिका दोन-तीनच. तिथे डीटीएच चालू ठेवून पॅक मोडा आणि हव्या त्या वाहिन्या सुट्या घ्या. २०१९ पासून ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमांनी तशी मुभा आहे. नुसत्या टीव्हीसाठी महिन्याचं इंटरनेट घेणं त्यांना महाग पडेल.

अँटेना म्हणजे कोणता?

काड्यांचा जुना अँटेना आता भंगारात घाला. ज्या अ‍ॅनालॉग प्रक्षेपणासाठी तो होता ते दूरदर्शनने आवरतं घेतलं. २५ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरदर्शनने सोळा शहरांत जमिनीवरून डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं, त्यांत इंदूर आणि भोपाळ दोन्ही होती. तुमच्या टीव्हीत हे प्रक्षेपण पकडणारा डीव्हीबी-टी२ ट्यूनर असेल तर साधा यूएचएफ अँटेना जोडून एकदा डिजिटल स्कॅन करून बघा. काही सापडलं तर ठेवा, नाही तर दहा मिनिटांत विषय संपवा. मिळाली तरी ती दूरदर्शनचीच मोजकी चॅनेल असतात. घराचा भार त्यावर टाकू नका.

कामाचा अँटेना म्हणजे डीडी फ्री डिशची छत्री. ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. आता ती ९३.५ अंश पूर्वेला असलेल्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येते. एकदा सामान घेतलं की महिन्याला काही भरायचं नसतं. फोन करून कोणी फ्री डिशचा रिचार्ज मागितला, कार्ड चालू करायला पैसे मागितले, तर तो फसवणारा आहे. फोन ठेवून द्या आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनाही हे आधीच सांगून ठेवा.

फ्री डिशवर डीडी सह्याद्री मिळतं, डीडी नॅशनल, डीडी न्यूज, डीडी स्पोर्ट्स, डीडी मध्य प्रदेश मिळतं, आकाशवाणीची रेडिओ चॅनेल मिळतात. खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जातात, त्यामुळे हिंदी सिनेमा, भक्ती, बातम्या आणि अधूनमधून मराठी अशी त्यांची यादी बदलत राहते. आज दिसणारं खासगी मराठी चॅनेल पुढच्या एप्रिलमध्ये असेलच असं धरून चालू नका. स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी, सोनी मराठी यांच्यासाठी इंटरनेटच लागेल.

क्रिकेटचं गणित वेगळं आहे. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेला, द्यावं लागतं, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं की ते प्रक्षेपण दूरदर्शनच्या जमिनीवरच्या जाळ्यावर आणि फ्री डिशवरच दाखवायचं. म्हणून काही सामने असे असतात की जे खासगी डीटीएचवरच्या दूरदर्शनवर दिसत नाहीत आणि फ्री डिशवर दिसतात. भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-२० आंतरराष्ट्रीय सामने यात येतात. आयपीएल यात येत नाही, त्यासाठी अ‍ॅप लागतं. शिवाय अ‍ॅपवरचं चित्र उपग्रहापेक्षा अर्ध्या मिनिटापर्यंत मागे असू शकतं. शेजारच्या घरातून आधी आरडाओरडा ऐकू येतो आणि आपल्याकडे गोलंदाज अजून धावत असतो.

सामान

डीटीएचची छत्री गच्चीवर आहेच, तर निम्मं सामान घरातच आहे. छत्री, खांब, केबल वापरता येते. ऑपरेटरचा सेट टॉप बॉक्स त्याच्या सेवेला बांधलेला असतो, तो फ्री डिशसाठी धरू नका. एलएनबी, म्हणजे छत्रीच्या पुढच्या दांडीवरचा तो डबा, उलटा करून त्यावरचं लेबल वाचा. ९७५० आणि १०६०० असे दोन्ही आकडे छापलेले असतील तर तो युनिव्हर्सल आहे, चालेल. एकच आकडा असेल, किंवा लेबल उन्हाने पांढरं पडलं असेल, तर नवीन युनिव्हर्सल एलएनबी घ्या. दोनेकशे रुपयांच्या वस्तूसाठी गच्चीवर दोन तास उन्हात घालवण्यात अर्थ नाही.

बॉक्स घेताना एकच गोष्ट नीट बघा, तो एमपीईजी-४ हवा. एमपीईजी-२ चा जुना बॉक्स स्वस्तात गळ्यात मारला जातो आणि मग बरीच चॅनेल उघडतच नाहीत. मागच्या बाजूला एचडीएमआय आणि तीन रंगांची एव्ही अशी दोन्ही भोकं असावीत, म्हणजे उद्या जुन्या टीव्हीलाही लागेल. नव्या टीव्हींपैकी काहींत उपग्रहाचा सिग्नल पकडणारा डीव्हीबी-एस२ ट्यूनर आतच असतो. मागे स्क्रूच्या आट्याचं सॅटेलाइट लिहिलेलं भोक दिसलं तर केबल थेट तिथे लावून बघा. सगळी चॅनेल उघडतीलच असं नाही, पण दूरदर्शनची उघडली तर एक रिमोट वाचतो.

केबल आरजी-६ हवी, ७५ ओहमची. छत्रीपासून टीव्हीपर्यंत २५ ते ३० मीटरच्या आत काम भागवा आणि मध्ये जोड देऊ नका. सोबत दोन एफ कनेक्टर (दाबून बसणारे, नुसते आट्यांवर फिरवायचे नव्हेत), वॉटरप्रूफ टेप, १० आणि १३ नंबरचे पाने, ओळंबा किंवा पाणसळ, आणि एक मार्कर. हे सगळं महारानी रोडवर एका फेरीत मिळतं. छत्रीसकट सगळं नवीन घ्यायचं तर अंदाजे दोन हजारांचा खर्च धरा.

छत्री ६० सेंटीमीटरची चालते. नवीनच घेणार असाल तर ७५ किंवा ९० सेंटीमीटरची घ्या. माळव्यातला जुलै-ऑगस्टचा पाऊस लहान छत्रीला आधी झोपवतो.

छत्री कुठे बघते

इंदूरहून जीसॅट-१५ दक्षिण-पूर्वेला दिसतो. उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलं तर १४०.५ अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे ५७ अंश वर. हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवा.

५७ अंश म्हणजे बऱ्यापैकी उंच. त्याचा हिशोब सोपा आहे. दक्षिण-पूर्वेकडे छत्रीपासून १ मीटर लांब असलेली भिंत छत्रीपेक्षा दीड मीटर उंच असली तरी चालते, १० मीटर लांबचं झाड १५ मीटर उंच असलं तरी चालतं. त्याहून उंच असेल तर अडतं. बाल्कनीत लावताना हाच हिशोब उलटा होतो. वरच्या मजल्याचा स्लॅब छत्रीच्या दीड मीटर वर असेल तर छत्री स्लॅबच्या कडेपासून १ मीटरपेक्षा आत असता कामा नये. शक्यतो कठड्याबाहेर हात काढूनच लावा.

अडथळा आहे की नाही हे सूर्याकडूनही कळतं. १० मार्चच्या आसपास सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला अकराच्या आगेमागे, सूर्य इंदूरहून बघता बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो. त्या वेळी छत्रीच्या जागेवर ऊन पडलं असेल तर उपग्रहापर्यंतची वाट मोकळी आहे. सावली पडली असेल तर जी फांदी सावली टाकते तीच तुमचा सिग्नल अडवते. त्याच दिवसांत काही मिनिटं चित्र फुटतं किंवा जातं. तो बिघाड नव्हे, सूर्याच्या उष्णतेचा गोंगाट सिग्नलवर चढतो. चार-पाच दिवसांनी आपोआप थांबतं, तेव्हा नट सैल करून छत्री हलवू नका.

घरातली छत्री आत्ता कुठे बघते हे ऑपरेटरवर अवलंबून आहे, आणि त्यावरून ती किती हलवायची ते ठरतं. टाटा प्लेची छत्री ८३ अंश पूर्वेकडे बघते. ती पूर्वेच्या बाजूला साधारण २१ ते २२ अंश फिरवायची आणि ५ अंश खाली घ्यायची. एअरटेलची १०८.२ अंशांकडे बघते, ती दक्षिणेच्या बाजूला १९ अंश आणि वर सुमारे १२ अंश. डी२एचची ८८ अंशांवर असते, तिला पूर्वेकडे १० अंश आणि खाली ३ अंश पुरतात. डिश टीव्हीची ९५ अंशांवर, तिला दक्षिणेकडे जेमतेम अडीच अंश आणि वर १ अंश. हे सगळं इंदूरचं गणित आहे. देवास किंवा महूला ते तसंच लागू होईल. ग्वाल्हेरच्या नातेवाइकांना पाठवू नका, तिथे कोन वेगळे येतात.

गच्चीवर

पहिलं काम खांबाचं. ओळंबा लावून तो सरळ उभा आहे का ते दोन बाजूंनी बघा. खांब कलला असेल तर छत्री फिरवताना उंचीचा कोनही बदलत जातो, मग माणूस तासभर चाचपडत बसतो. पत्र्याची पट्टी कठड्याला दोन फास्टनरवर टांगलेली असेल तर १० मिलिमीटरचे चार करा. मे-जूनच्या वावटळीत छत्री शिडासारखी ओढली जाते.

मग फिरवण्याआधी खांबावर आणि छत्रीच्या क्लॅम्पवर मिळून एक आडवी-उभी खूण मार्करने करा. काही जमलं नाही तर परत जुन्या जागी यायला ती खूणच कामी येते. ही खूण मोजण्यासाठीही लागते. खांबाचा बाहेरचा व्यास ५० मिलिमीटर असेल तर १ अंश म्हणजे खांबावर जेमतेम ०.४ मिलिमीटर. टाटा प्लेच्या छत्रीचे २१-२२ अंश म्हणजे खांबावर सव्वानऊ मिलिमीटरच्या आसपास. हाताने जरा ढकललं की पाच अंश गेले, हे एवढ्यावरून लक्षात यावं.

छत्रीचा तोंडवळा फसवा असतो. डीटीएचची छत्री ऑफसेट प्रकारची असते, तिची ताटली बघते त्याच्या वीस-पंचवीस अंश वरून सिग्नल येतो. म्हणून ५७ अंशांसाठी लावलेली ताटली आकाशाकडे पडलेली दिसत नाही, ती बरीच उभी दिसते. नजरेच्या अंदाजाने तिला आकाशाकडे पाडलं की सिग्नल गेलाच. क्लॅम्पवर अंशांचे आकडे कोरलेले असतात, त्यावर ५७ लावून सुरुवात करा.

मोबाइलच्या कंपासने १४०.५ अंश बघताना खांबापासून दोन-तीन मीटर लांब उभे राहा. लोखंडाजवळ कंपास दहा-पंधरा अंशांनी सहज चुकतो. लांबची एखादी पाण्याची टाकी किंवा इमारतीचा कोपरा त्या रेषेत धरा आणि छत्रीची दांडी तिकडे करा.

एलएनबीही पिळावा लागतो, आणि हे बहुतेक जण विसरतात. छत्रीच्या समोर, एलएनबीकडे तोंड करून उभे राहा. केबलचं टोक सरळ खाली असलं तर ते घड्याळातले सहा. तिथून ते सातच्या किंचित पुढे न्या, म्हणजे सुमारे ३६ अंश. हा पीळ चुकला तर टीव्हीच्या पडद्यावर सिग्नलची स्ट्रेंथ भरपूर दिसते आणि क्वालिटी वर चढत नाही.

केबल जोडताना बॉक्सचा प्लग काढलेला असू द्या. एलएनबीला वीज या केबलमधूनच जाते, १३ किंवा १८ व्होल्ट. बाहेरच्या जाळीची एक तार मधल्या तांब्याला चिकटली की शॉर्ट होतो आणि बॉक्स सिग्नल नाही म्हणत बसतो. कनेक्टर बसवताना मधली तार कनेक्टरच्या कडेपेक्षा दोन-तीन मिलिमीटरच बाहेर ठेवा.

आता बॉक्स चालू करा. एक माणूस टीव्हीसमोर, एक गच्चीवर, मध्ये फोन. बॉक्सच्या इन्स्टॉलेशनमध्ये एलएनबी फ्रिक्वेन्सी ९७५०-१०६०० युनिव्हर्सल निवडा. ट्रान्सपॉन्डर ११०९० ठेवा, पोलरायझेशन व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५००. पडद्यावर दोन पट्ट्या दिसतील. स्ट्रेंथची पट्टी एवढंच सांगते की केबल आणि एलएनबी जिवंत आहेत. छत्री भलतीकडे असतानाही ती भरलेली असते. क्वालिटी बघायची. छत्री बोटभर नव्हे, केसभर हलवा, आणि प्रत्येक वेळी तीन सेकंद थांबा, कारण बॉक्सला सिग्नल पकडायला वेळ लागतो. न थांबता फिरवत गेलं तर बरोबर जागा ओलांडली तरी कळत नाही. आडव्या दिशेत क्वालिटी सर्वांत जास्त आली की मग वर-खाली, मग एलएनबीचा पीळ, आणि पुन्हा एकदा आडवं. ११०९० वर जमलं की ११४७० व्हर्टिकल २९५०० वर ताडून बघा. दोन्हीवर क्वालिटी चांगली असेल तर ऑटो स्कॅन लावा.

क्वालिटी आली पण डीडी नॅशनल सापडत नाही, सगळी चॅनेल कुलूपबंद, असं झालं तर छत्री शेजारच्या ९५ अंशांच्या उपग्रहावर बसली आहे. दोघांत फक्त दीड अंशाचं अंतर आहे. किंचित दक्षिणेकडे सरका.

नट कसताना एकेक करून, आलटून-पालटून कसा आणि टीव्हीसमोरच्या माणसाला क्वालिटी वाचत राहायला सांगा. शेवटच्या अर्ध्या आट्यात छत्री हमखास सरकते. सगळं कसून झालं की कनेक्टरवर टेप गुंडाळा, आणि केबल एलएनबीतून निघाल्यावर खाली झोका देऊन मग वर न्या, म्हणजे पाणी कनेक्टरमध्ये न शिरता झोक्यावरून गळून पडेल. पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांनी क्वालिटी पडली तर दहापैकी नऊ वेळा कनेक्टरमध्ये पाणी असतं. कनेक्टर उघडा, तांब्यावर हिरवं दिसलं तर तेवढा तुकडा कापून नवा बसवा. भर पावसात अर्धा तास चित्र जाणं वेगळं, ते सगळ्याच छत्र्यांचं होतं. वीज चमकायला लागली की बॉक्सची केबल काढून ठेवा.

घरात दोन टीव्ही असतील तर एका केबलला साधा स्प्लिटर लावू नका. एका बॉक्सने १३ आणि दुसऱ्याने १८ व्होल्ट मागितले की दोघांत भांडण होतं. दोन तोंडांचा एलएनबी घ्या आणि दोन केबल ओढा.

इंटरनेटची बाजू

एचडी चित्राला साधारण ५ एमबीपीएस लागतात, ४केला १५ ते २५. चौघांच्या घराला ३० एमबीपीएसचा फायबर प्लॅन पुरतो. वेगापेक्षा डेटा जास्त खातो. एचडीचा एक तास म्हणजे सुमारे ३ जीबी, म्हणजे रोज तीन तास पाहिलं तर महिन्याला पावणेतीनशे जीबी. मोबाइलचे रोजचे २ जीबी पाऊण तासात संपतात, म्हणून फोनच्या हॉटस्पॉटवर घर चालवायचा बेत नको.

राउटर दारापाशी, टीव्ही आतल्या खोलीत, आणि मध्ये जुन्या वाड्याची दीड फुटाची भिंत, अशी रचना असेल तर वायफाय हार मानतं. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान असलं तरी जाड भिंतीत लवकर मरतं, २.४ चं पोचतं पण शेजाऱ्यांच्या राउटरांत घुसमटतं. राउटरपासून टीव्हीपर्यंत कॅट-६ केबल ओढली की रात्री नऊचं गोल-गोल फिरणं थांबतं.

टीव्ही स्मार्ट नसेल तर स्टिक लावा, फायर टीव्ही किंवा गुगल टीव्हीची. नाव नसलेला स्वस्त अँड्रॉइड बॉक्स घेऊ नका. त्यात वाइडवाइन एल१ परवाना (अ‍ॅपवर एचडी चित्र उघडायला लागणारा) बहुधा नसतो, मग बॉक्सवर ४के छापलेलं असूनही पैसे भरलेल्या अ‍ॅपवर चित्र धूसरच येतं. स्टिक टीव्हीच्या यूएसबीवर चालवू नका. तिथे बहुतेक वेळा अर्धाच अँपिअर मिळतो, आणि मालिका ऐन रंगात असताना स्टिक बंद होऊन चालू होते. सोबतचा अ‍ॅडॅप्टर भिंतीत लावा.

अ‍ॅप निवडताना वही काढा. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर, झी मराठी झी५ वर, सोनी मराठी सोनीलिव्हवर. मराठी बातम्यांच्या मोठ्या वाहिन्या यूट्यूबवर थेट आणि फुकट दिसतात. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये वेव्हज नावाचं अ‍ॅप काढलं, त्यात दूरदर्शनची चॅनेल आहेत, म्हणजे छत्री पावसात बसली तरी सह्याद्री लागतं. कोणता भाग फुकट आणि कोणता पैशांत हे बदलत राहतं. म्हणून पैसे भरण्याआधी अ‍ॅप उघडून तुमच्याच मालिकेचा कालचा भाग लावून बघा.

आणि प्लॅनच्या नावातला मोबाइल हा शब्द बघा. फोनच्या रिचार्जसोबत फुकट मिळणारी वर्गणी आणि सर्वांत स्वस्त प्लॅन बरेचदा फक्त मोबाइलवर चालतात, टीव्हीवर उघडत नाहीत. एका वेळी किती पडदे चालतात तेही तिथेच लिहिलेलं असतं. तिन्ही अ‍ॅप बारा महिने घ्यायची गरज नाही. यूपीआय ऑटोपे बंद ठेवून भरा, मालिका संपली की ते अ‍ॅप सोडा. पाचशे रुपयांत सगळी चॅनेल देतो म्हणणारे चोरीचं प्रक्षेपण विकतात. ते एक दिवस बंद पडतं आणि पैसे मागायला कोणी सापडत नाही.

वीज गेली की इन्व्हर्टरवर टीव्ही आणि छत्रीचा बॉक्स चालतो. फायबरचा डबाही त्याच सर्किटवर घ्या. ते जमत नसेल तर राउटरचा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो. घेताना डब्याच्या अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर फोटो काढून दुकानात न्या. डब्यावर लॉस (LOS) नावाचा लाल दिवा लागला असेल तर दोष फायबरचा आहे, स्टिक दहा वेळा बंद-चालू करून उपयोग नाही.

एक महिना दोन्ही

जुनी छत्री वळवली की डीटीएच त्याच क्षणी बंद होतं. म्हणून शक्य असेल तर आधी स्ट्रीमिंग सुरू करा, महिनाभर डीटीएचच्या जोडीने चालवा, आणि रिचार्ज संपायच्या आठवड्यात छत्री वळवा. बॉक्स भाड्याचा होता की विकतचा हे पावतीवर बघून घ्या, भाड्याचा असेल तर परत करून पोच घ्या.

त्या महिन्यात खरं काम रिमोटचं असतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय १ चं नाव बदलून फ्री डिश ठेवा, एचडीएमआय २ चं मालिका. टीव्ही चालू होताच फ्री डिश लागेल असं करून ठेवा, जवळजवळ सगळ्या टीव्हींत शेवटचा किंवा ठरावीक इनपुट निवडता येतो. फ्री डिशच्या बॉक्समध्ये आवडत्या चॅनेलची यादी बनवून सह्याद्री पहिल्या क्रमांकावर आणा. स्टिकच्या पहिल्या पडद्यावर वहीतली तीन अ‍ॅप सोडून बाकी सगळी मागे सरकवा. मग एका जाड कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा: लाल बटण, थांबा, १. आणि खाली, मालिकेसाठी: इनपुट, एक खाली, ओके. हा कागद टीव्हीच्या शेजारी चिकटवा आणि आजींना तुमच्यासमोर तीनदा लावायला सांगा, हातातून रिमोट न घेता.